ओव्हनच्या तक्त्यातला शेवटचा रकाना

कडा,
रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी सहाला उठले. गारठा होता. सासूबाईंना चहा दिला, त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. हे साडेआठला मोटारसायकलवर आष्टीला गेले, परवाच्या सामानाची यादी घेऊन. नऊ वाजता ओव्हन भिंतीपासून पुढे ओढला. प्लग काढला. मागच्या पत्र्याचे स्क्रू सोडले. दुपारी एकपर्यंत तेच काम चाललं. साडेतीनला नानकटाईचा पहिला ट्रे निघाला. आता पाच वाजत आले आहेत. बाई बाहेरच्या ओट्यावर शेजारणीशी बोलत बसल्या आहेत. मुलगी सुट्टीत आजोळी गेलीय, उद्या येईल. हे पुन्हा बाहेर गेलेत, गुरुजींना परवाची वेळ विचारायला.

प्रिय अण्णा,

'प्रिय' लिहिताना हात थांबला. बारा वर्षं तुमच्या घरात सून म्हणून राहिले, पण तुम्हाला असं पत्र कधी लिहिलं नाही. आपलं सगळं लिहिणं ओव्हनच्या तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात. तिथे मायन्याला जागा नसते. आजचं मात्र त्या दोन बोटांच्या रकान्यात मावणार नाही, म्हणून वहीची पानं घेतली आहेत.

परवा तुमचं वर्षश्राद्ध. बाईंनी आठवडाभर आधीच मला सांगून ठेवलं, "त्यांच्या पानात नानकटाई पायजे. तुझ्या हातची." मी म्हटलं, श्राद्धाच्या पानात नानकटाई चालते का? तर म्हणाल्या, "गुरुजी काय म्हनतील ते म्हनू दे. खानारे गुरुजी हायत का हे हायत?"

म्हणून गुरुवारी पीठ मळलं आणि ओव्हन लावला. दिवाळीत तळणाचाच फराळ केला होता, त्यामुळे महिनाभराने लागत होता. एकशे चाळीसपर्यंत आकडे नीट चढले. मग तुम्ही बाजूला बसवलेल्या डबीवरचे आकडे नाचायला लागले, आणि एकदम गेले. तिथे इंग्रजीत 'ओपन' अशी अक्षरं आली आणि आतल्या तापणाऱ्या कांड्या बंद पडल्या. दार उघडून थंड होऊ दिला, तर आकडे परत आले. पुन्हा लावला, पुन्हा एकशे चाळीसच्या आसपास तेच. नानकटाई खाली ओली, वर पांढरी. बाईंनी एक तोंडात टाकली आणि काही न बोलता रुमालात काढली. बाई काही बोलल्या नाहीत म्हणजे किती वाईट झाली असेल, तुम्हीच समजा.

हे आले. त्यांनी लांबूनच बघितलं. "सेन्सर गेला," म्हणाले. "जुनं झालं आता. सोमवारी भंगारवाला येतो गल्लीत, देऊन टाकू. नवीन आणू. काचेच्या दाराचा, मोठा."

मी विचारलं, उघडून तर बघा एकदा.

"काय बघायचं त्यात? गेला म्हणजे गेला." आणि जेवायला न थांबता वर गच्चीवर गेले. मला ते विचित्र वाटलं, पण तुमचा मुलगा तुमच्यासारखाच. जास्त विचारलं की आणखी गप्प होतो.

सोमवार म्हणजे उद्या, अण्णा. आज संध्याकाळपर्यंत मला बिघाड सापडला नसता तर ओव्हन उद्या हातगाडीवर चढला असता. डबी गेली असती, तक्ते अडगळीत गेले असते. दुसऱ्या कुणाला ते कागद काय सांगणार होते? तुम्ही माझ्याशी जे काही बोललात ते सगळं त्यांतच आहे. म्हणून सकाळी हे गेल्या गेल्या पदर खोचला आणि पाना घेतला.

तुम्हाला आठवतं का, हा ओव्हन घरात कसा आला? लग्न होऊन आले तेव्हा मी चौसाळ्याची बी.एस्सी. झालेली मुलगी, आणि तुमच्यासमोर डोक्यावरचा पदर सरकला तर कानशिलं तापायची. सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, हे आईने निघताना तीनदा बजावलं होतं. तुम्हीही बोलायचा नाहीत. तुम्ही साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. आयुष्यभर रसाच्या नळांवरची तापमानं आणि दाब बघितले, माणसांशी कामापुरतं बोललात. एका घरात दोन मुके, आणि मधे बाई. "तिला म्हणावं पाणी दे." "त्यांना म्हणावं जेवण झालंय." बाई वैतागायच्या. "मी काय टेलिफोन हाय का?"

मी कुकरमध्ये मीठ पसरून बिस्किटं भाजायची. तुम्ही ते कधी बघितलं मला माहीत नाही. निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांनी तुम्ही नगरहून एसटीच्या टपावर हा ओव्हन घेऊन आलात. कुणीतरी टाकून दिलेला, तापमानाचं बटण मेलेलं. चार दिवस ओसरीत बसून तुम्ही त्याचं मूळ बटण काढलं, पेन्सिलीपेक्षा बारीक सेन्सरची दांडी आत सोडली, बाजूला आकड्यांची डबी बसवली. मग बाईंना म्हणालात, मी दारातच उभी असताना, "तिला सांग, गरम असताना मागं हात लावू नको म्हणावं."

"इथंच तर हाय ती! तुमीच सांगा की."

तुम्ही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ओव्हनवर एक कागद चिकटवलेला दिसला. पट्टीने आखलेला, कारखान्यातल्या लॉगशीटसारखा. तारीख, वेळ, लावलेलं तापमान, दिसलेलं तापमान, काय ठेवलं, किती मिनिटं, आणि शेवटी शेरा. दोरीला पेन्सिल बांधलेली. शेऱ्याच्या पहिल्या ओळीत तुमच्या ठाशीव अक्षरात होतं: "गरम असताना मागे हात लावू नये."

पहिली नानकटाई मी केली, सगळे रकाने भरले आणि शेरा रिकामा ठेवला. संध्याकाळी बघते तर तुम्ही लिहिलेलं: "कडा लाल, मध्ये खुसखुशीत. वेलदोडा जास्त चालेल." मी ते चार वेळा वाचलं. त्याखाली लिहिलं: "बरं."

तेव्हापासून आपण बोलायला लागलो. मी लिहायची, "बाईंच्या गोळ्या संपत आल्या." तुम्ही लिहायचा, "आणल्या. वरचा कप्पा." मी लिहायची, "दुपारी मुलीच्या शाळेत जाऊन येते." तुम्ही लिहायचा, "छत्री ने." बाईंना वाचता येत नाही. त्या कागदाकडे बघून म्हणायच्या, "लई लिखापढी चाललीय भट्टीची. कलेक्टर येनार हाय का तपासायला?"

आणि तो महिना? तो आठवला की आजही मी एकटी असताना हसते. शेजारच्यांच्या मुलाच्या वाढदिवसाला केक द्यायचा म्हणून मी आधी करून बघत होते. एकशे ऐंशीला ठेवला, मध्ये कच्चा राहिला. डबी दहा अंश जास्त दाखवत असावी असं मला वाटलं. पण ती तुम्ही बसवलेली. तुमच्या कामात खोट आहे असं मी कसं लिहू? मी दुसऱ्या दिवशी गपचूप एकशे नव्वद लावले आणि तक्त्यात एकशे ऐंशीच लिहिलं.

पहिल्या दिवशी दुपारी तुम्हीही तो कच्चा केक खाल्लेला. सुनेला वाईट वाटायला नको म्हणून काही बोलला नाहीत, डबीच्या आतला आकडा जुळवायचा स्क्रू दहा अंशांनी फिरवून ठेवलात, आणि तेही लिहिलं नाहीत. झालं. केक वरून करपला. मला वाटलं माझं चुकलं, मी दहा कमी केले. तुम्हाला वाटलं तुमचं चुकलं, तुम्ही स्क्रू परत फिरवला. केक कच्चा. मग मी वाढवलं, तुम्हीही वाढवलं. तक्त्यात रोज एकशे ऐंशी! कारखान्यात एवढी वर्षं काढलेला माणूस त्या तक्त्याकडे बघत तासन्‌तास बसायचा, आणि तक्ता खोटा होता.

शेवटी बाई कडाडल्या. "एक दिस चिखल, एक दिस कोळसा! मला दात हायत का तेवढे? या इकडं दोघं बी." आपल्याला चुलीसमोर पाटावर बसवलं. स्वतः मधे बसल्या. "तू सांग, तू काय केलंस. आन्‌ तुमी सांगा, तुमी काय केलं. माझ्याकडं बघून न्हाई, एकमेकांकडं बघून."

मी सांगितलं. तुम्ही सांगितलं. आणि मग तुम्ही हसलात. तुम्ही असे आवाज करून हसता हे मला तोवर माहीत नव्हतं. डोळे पुसत तुम्ही माझ्याशी पहिलं सरळ वाक्य बोललात: "लॉगशीटमधी खोटं लिहायचं न्हाई, पोरी."

मी मान खाली घातली. तर म्हणालात, "मी बी लिहिलं न्हाई. म्हंजे मी बी खोटाच."

दुसऱ्या दिवशी नव्या तक्त्याच्या डोक्यावर लिहिलेलं होतं: "एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बदलली की लिहावी." तो कागद अजून आहे. कोपऱ्यावर तुपाचा डाग पडलाय.

आज सकाळी तेच वाक्य वाचून सुरुवात केली. तुमचा पत्र्याचा डबा काढला. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मीटर, सगळं तुम्ही ठेवलं होतं तसंच. बाई खुर्ची ओढून दारात बसल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना धड दिसत नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्ट विचारायची असते.

"काय करायलीस?"

"सेन्सर तपासते."

"ह्यो म्हनला की गेला म्हनून. मेलेल्याला कशाला तपासायलीस?"

"गेला का नाही तेच बघते बाई."

तुम्ही शिकवलं होतं, सेन्सरवर संशय शेवटी घ्यायचा. लोक सगळ्यात आधी त्यालाच बदनाम करतात, असं म्हणायचा. पण मला तर आधी तोच खरा का खोटा हे ठरवायचं होतं, कारण यांनी त्याच्यावरच ठपका ठेवला होता. डबीच्या मागून सेन्सरच्या तारा सोडवल्या आणि मीटर लावला. तुम्ही असताना दोनदाच धरला होता मी तो. आकडा आला एकशे दहा ओहम; हे अंश नव्हेत, तारेचा विरोध. खोलीत एवढाच यायला पाहिजे, हे माझ्या लक्षात होतं. मग दांडीचं नट सोडून ती बाहेर घेतली, फ्रिजमधला बर्फ फोडून पातेल्यात घातला आणि दांडी त्यात धरली.

"आता बर्फात कावून घातलास त्याला? थंडी वाजंल की."

"थंडी वाजते का तेच बघायचंय."

आकडा खाली आला. शंभर. मग गॅसवर पाणी उकळलं आणि त्यात धरली. एकशे अडतीसच्या जरा खाली. 'बर्फात शंभर, उकळीत एकशे अडतीस', हे तुम्ही माझ्याकडून एका पावसाळ्यात घोकून घेतलं होतं, पाढे घेतात तसं. मी मनात म्हणायची, मला कशाला हे, तुम्ही आहात की.

"बाई, सेन्सर चांगला आहे."

"मग?"

तेच तर. मग? मी जमिनीवर बसून राहिले. अर्धा तास काही सुचलं नाही. सेन्सर चांगला, थंड असताना डबीही बरोबर आकडा दाखवते, मग बिघडतं कुठे? एकदा वाटलं, हे म्हणतात ते खरं असेल, जुनंच झालं असेल. खरं सांगते, मी स्क्रू परत लावायला घेतला होता.

तेव्हा बाई म्हणाल्या, "ते असते तर इचारले असते, कवा दुखतंय म्हनून. डाक्टरवानी. मला गुडघा दुखला तरी तेच. म्हनायचे, कुठं ते नगं सांगू, कवा दुखतंय ते सांग."

अण्णा, हे तुम्ही मलाही सांगितलं होतं. बिघाड केव्हा होतो ते आधी विचार, कुठं ते मग सापडतंच. मी विचार केला. दांडी उकळत्या पाण्यात गरम झाली तेव्हा काही बिघडलं नाही. ओव्हनचं अंग गरम झालं की बिघडतं. म्हणजे दुखणं दांडीत नाही. दांडीपासून डबीपर्यंत जी तार ओव्हनच्या पाठीवरून जाते, तिच्यात आहे.

तारेवरची पत्र्याची पट्टी काढली. खाली तार होती, आणि तारेवर निळी चिकटपट्टी.

मी बघतच राहिले. तुम्ही गरम अंगावर कधी चिकटपट्टी लावली नसती. प्लॅस्टिक ते! तापलं की पातळ होतं. ती पट्टी वितळून तारेला गुळासारखी चिकटली होती. आत तुटलेली तार नुसती पीळ देऊन जोडलेली. थंड असताना टोकं टेकायची, ओव्हन तापला की पीळ सुटायचा. दिवाळीआधी स्वयंपाकघराला रंग दिला तेव्हा ओव्हन ओढला होता, मी तेव्हा घरात नव्हते. हे काम कुणाचं ते मला लगेच कळलं. शाळेत मुलांना विज्ञान शिकवणारा माणूस, आणि गरम तारेला प्लॅस्टिकची पट्टी!

राग आला का? आला थोडा. पण त्याहून जास्त वाटलं की हे मी आधी कुठेतरी बघितलंय. चूक लपवायची, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहायचं, आणि मग सगळं आणखी बिघडवायचं. आपण दोघांनी एक महिना केक जाळले, ते हेच होतं की!

तुमच्या डब्यात चिनी मातीचे छोटे कनेक्टर सापडले, कागदाच्या पुडीत. पुडीवर लिहिलेलं, "गरम जागेसाठी." तार मागे सोलून साफ केली, तिच्यातल्या तिन्ही बारीक तारा कनेक्टरमध्ये घट्ट केल्या, वरून काचेच्या धाग्याची नळी चढवली. ओढून बघितलं. एवढंच काम होतं. वीस मिनिटांचं.

हे एकच्या सुमाराला आले. हातात पिशव्या. मागचा पत्रा उघडा बघून दारातच थांबले. मी निळ्या पट्टीचा तुकडा पुढे धरला.

"ही तुम्ही लावली का?"

पिशव्या खाली ठेवल्या. मग म्हणाले, "रंगाच्या दिवशी ओढताना तुटली. माझ्या हातानं."

"मग सांगायचं होतं."

"काय सांगायचं? तू त्या कागदांना कुणाला हात लावू देत नाहीस. अण्णांची तार तोडली मी, हे तुला कसं सांगू? नवीन आणला असता म्हणजे विषय संपला असता."

त्यांनी बाहीने डोळे पुसले, अण्णा. वर्षभरात पहिल्यांदा. तुम्ही गेलात त्या दिवशीही ते लोकांच्या चहापाण्याचं बघत होते. बाई खुर्चीतून म्हणाल्या, "बापावर गेलाय. ते बी असंच. छातीत दुखतंय म्हनून चार दिस कुनाला बोलले न्हाईत."

बाईंनी ते साधंच म्हटलं. आज तुम्हाला तेच विचारायचंय. दुसऱ्यांच्या यंत्रांचं सगळं लिहून ठेवणारे तुम्ही, स्वतःचं का नाही लिहिलं? रोज संध्याकाळी शेरा लिहायला त्या कागदासमोर उभे राहायचा. चार दिवस पेन्सिल हातात घेतलीत. एक ओळ लिहायची होती. 'छातीत दुखतंय.' बस. मी वाचली असती. मी रोज वाचत होते हो! आपल्या गप्प राहण्यामुळे केक जळले तेव्हा आपण हसलो. याला कसं हसू?

आणि मी? त्या चार दिवसांतल्या एका दुपारी तुम्ही ओसरीत छातीवर हात ठेवून बसलेले मला दिसले होते. मी चहा ठेवून आत गेले. विचारलं नाही. सून सासऱ्याला असं काय विचारणार, असं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण लॉगशीटमध्ये खोटं लिहायचं नाही.

पण मला रडगाणं लिहायचं नव्हतं. मी बसले होते ते तुमचे आभार मानायला.

माझे वडील गेले तेव्हा मी चौसाळ्याहून परत आले आणि ओव्हनला हात लावला नाही. कुणी काही विचारलं नाही. एक दिवस सहज तक्त्याकडे लक्ष गेलं. तुम्ही रोजची तारीख घालत होतात. वेळ, तापमान, पदार्थ, सगळीकडे आडवी रेघ, आणि शेऱ्यात एकच: "बंद. घाई नाही." रोज. मी मोजले नाहीत, पण कागद पाठपोट भरला होता. बंद. घाई नाही. बंद. घाई नाही. त्या दिवसांत सांत्वनाला पुष्कळ माणसं आली, पुष्कळ बोलली. त्यांतलं मला काही आठवत नाही. तुमच्या तीन शब्दांच्या आधाराने मी उठले. ज्या दिवशी पुन्हा नानकटाई केली त्या दिवशी तुम्ही लिहिलंत, "चालू." त्यापुढे टिंबसुद्धा किती जोरात दिलंत, कागदाला भोक पडलंय.

हे मी तुम्हाला तोंडाने कधी बोलले नाही. तुमच्यामुळे या घरात मला माझी जागा मिळाली. माझं शिक्षण एवढ्या वर्षांत फक्त तुम्ही कामाला लावलंत. 'हिला कशाला ते विजेचं' असं शेजारचे म्हणाले तेव्हा तुम्ही बाईंना मोठ्याने सांगितलंत, मला ऐकू यावं म्हणून, "बी.एस्सी. हाय ती. माझ्यापेक्षा जास्त शिकलीय."

आज दुपारी मी यांच्या हातात पेन्सिल दिली. "लिहा," म्हटलं. त्यांनी विचारलं, काय? मी म्हटलं, जे झालं ते. त्यांनी तुमच्याच सारखं, पट्टीवर शब्द ठेवल्यासारखं लिहिलं: "रंगाच्या वेळी तार माझ्याकडून तुटली. सांगितलं नाही." आणि खाली सही केली, हजेरीपटावर करतात तशी. बाईंनी विचारलं, काय लिहिलं? मी वाचून दाखवलं. "बरं झालं," म्हणाल्या. "आता त्या भंगारवाल्याला माझं जुनं पत्र्याचं घमेलं दे. उगा मोकळा जायला नगं."

मग ओव्हन लावला. आम्ही तिघं समोर. शंभर. एकशे वीस. एकशे अडतीस, चाळीस, बेचाळीस. बाई विचारत होत्या, "काय म्हनतंय? काय म्हनतंय?" एकशे साठला हे हळूच म्हणाले, "चाललं." एकशे ऐंशीला आकडा थांबला, लाल दिवा विझला. नानकटाईच्या कडा लाल झाल्या. वेलदोडा जास्त घातलाय.

परवा ती तुमच्या पानात असेल. गुरुजी काही म्हणाले तर बाई बघून घेतील.

तुम्हाला एक शब्द देते, अण्णा. या घरात काही बिघडलं, यंत्राचं किंवा माणसाचं, तर त्याच दिवशी सांगेन, आणि दुसऱ्यांनाही विचारेन. कुणी छातीवर हात ठेवून बसलेलं दिसलं तर चहा ठेवून आत जाणार नाही. तुमच्या मुलाला मीटर धरायला शिकवीन. बर्फात शंभर, उकळीत एकशे अडतीस, घोकून घेईन. आणि तक्ता रोज भरीन. बंद असला तर बंद लिहीन.

एक गोष्ट राहिली. तुमचा शेवटचा शेरा. दवाखान्यात न्यायच्या आदल्या संध्याकाळचा. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता, आणि नंतर हिंमत झाली नाही. वर्षभर मी सगळे रकाने भरत आले, शेरा तेवढा कोरा ठेवला. तुम्ही लिहिलं होतं: "मीटरची बॅटरी बदलली. लागेल तुला."

आज सकाळी मीटर चालू केला तेव्हा पडदा लगेच उजळला.

आता पत्र घडी करून तुमच्या डब्यात ठेवते, कनेक्टरच्या पुडीखाली. बाहेर अजून उजेड आहे, घरात कुणी नाही. पेन्सिलीला टोक करते आणि जुना तक्ता काढून, तुमच्या त्या ओळीखाली एक शब्द लिहिते: "लागली."

तुमच्या तक्त्याची दुसरी पाळी सांभाळणारी,
तुमची सून
मनीषा